बादली, सोळा बाय सोळा

दिवसा मी टिळक रोडच्या लॅबमध्ये
लोकांचे दात करते.
मेणाच्या दाढा, त्यांच्या घळी, एकेक उंचवटा.
ज्याचा दात, त्याचं तोंड कधी बघितलेलं नसतं.
रात्री साडेदहाला ओजस झोपला
की ओट्यावरचे ओले हात पुसून
लॅपटॉप उघडते
आणि धनकवडी बांधते, चौकोनांची.

सोळा चौकोन रुंद, सोळा उंच:
एवढ्यात एक घर बसवायचं.
पत्रा, दार, दारात बादली.
तीन चौकोनांत बादली ओळखू येत नाही,
पाचांत येते,
हे कळायला एक अख्खी दिवाळी गेली.

गेम साधाच आहे.
पहाटे चार. एक माणूस, एक लांब लोखंडी चावी,
सात गल्ल्या, सात व्हॉल्व्ह, पाणी सव्वा तास.
कुणाला किती सोडायचं ते तुम्ही ठरवा.
"मग मरतं कोण?" ओजसने विचारलं.
म्हटलं, कुणी नाही, नुसते भांडतात.
तो परत त्याच्या क्रिकेटकडे गेला.

आवाज मात्र खरे आहेत.
पाणी यायच्या आधी नळ जो खाकरतो
तो आमच्याच मोरीतला,
कोरड्या बादलीत मोबाईल ठेवून घेतलेला.
मागे कुठेतरी नवऱ्याची शिंक आहे.
काढायची राहिली, मग ठेवलीच.

सातव्या गल्लीच्या टोकाला, चढावर,
तांदळेबाईंचं घर.
तिथे प्रेशर शून्य.
ते मी ठरवलेलं नाही, ते तसंच आहे.
आकडा लिहिताना जरा थांबले होते,
अर्धा तरी द्यावा का,
पण मग बाई उद्या जिन्यात भेटल्या तर
कोणत्या तोंडाने बोलणार?

तीन वर्षांनी, एका बुधवारी, रात्री बारा दहाला
पाणी सोडतात तसा गेम सोडला
आणि नळाखाली भांडं लावून बसावं
तशी बसले.
पहिल्या रात्री अकरा जणांनी उतरवून घेतला.
त्यातली चार मी.
एकाने कळवलं, माणूस फार हळू चालतो.
चढ आहे बाबा.

वाल्हेकरांच्या फोनवर मीच टाकून दिला.
आमच्या वॉर्डातले चावीवाले. त्यांचीच चावी
मी टेप लावून मोजली होती, साडेचार फूट.
शनिवारी चव्हाणनगरच्या टपरीवर
त्यांनी एकामागून एक सहा व्हॉल्व्ह बंद केले
आणि फोन मांडीवर ठेवला.
"काय करताय?"
"थांबलोय."
चहा निवला. सहा गल्ल्या
डोक्यावर लाल उद्गारचिन्हं घेऊन नाचत होत्या.
शून्य, अधिक सहा गल्ल्यांचं उरलेलं:
हे गणित मीच लिहिलं होतं,
सोडवून कधी पाहिलं नव्हतं.

नळ खाकरला. आमच्या मोरीतला.
"आलं," वाल्हेकर म्हणाले.
"खऱ्यात असं जमायचं नाही, मॅडम. धरून मारतील."
मग फोन डोळ्यांजवळ नेऊन,
"पण बादली रिकामीच दिसतीय की ओ."

खरंच.
सगळ्या घरांना मी दोन-दोन बादल्या काढल्या होत्या,
एक रिकामी, एक भरलेली.
तांदळेबाईंना एकच.

त्या रात्री पुन्हा बसले.
पहाटे चारला पाणी निळं नसतं,
जसा दाताला शुद्ध पांढरा
कुणी लावत नाही.
दोन चौकोन राखाडी, एक थोडा उजळ,
काठावर एक सांडलेला.

नवीन आवृत्तीत काय बदललं
ते लिहायला एक ओळ देतात.
लिहिलं: शेवटच्या घरी बादली भरते.
वाचून वाटलं, कुणाला ही बातमी वाटेल.
खोडणार होते.
ओजस झोपेत काहीतरी बोलला,
त्याचं पांघरूण सारखं करायला उठले,
आणि परत येईपर्यंत ते गेलेलं होतं.