कलामंदिराची मागची बाजू

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी
कलामंदिराच्या पाठीवर उघडते.
पुढे पोस्टर, तिकीटखिडकी, गजरे, मोटारी;
मागे सामान उतरवायचा दरवाजा, आणि आम्ही.

तिसऱ्या घंटेला मी कुकर लावते.
रविवारी दोन प्रयोग, म्हणून
घराला दोनदा भूक लागते.

नाटक मला ऐकू येतं ते असं :
वाक्य येत नाही, हशा येतो.
वाक्य भिंत ठेवून घेते.
बावीस वर्षं मी हसले आहे
कशाला ते माहीत नसताना,
हाताला कणीक, समोर कुणी नाही.
हशाची लांबी कळते मला.
आखूड, म्हणजे पुढच्या चार रांगा पासावरच्या.
दोनदा उठला, म्हणजे कुणीतरी वाक्य विसरलंय
आणि दुसऱ्याने सावरून घेतलंय.

निवृत्ती आहेर टेम्पोतून घर उतरवतो :
आधी दार, मग खिडकी, मग भिंती,
शेवटी तुळशीवृंदावन, एका हाताने.
खिडकी उभी राहावी म्हणून
तिला मागून द्राक्षांचं खोकं टेकवतो.
"वहिनी, तुमचं घर कशावर टेकलंय?"
खालून एकदा विचारलं त्याने.
म्हटलं, हप्त्यांवर.

आमच्यात एक नियम होता :
मध्यंतरात भांडायचं नाही.
खाली माणसं सिगारेट ओढायला येतात,
वडापावचा कागद चुरगळतात, वर बघतात.
घंटा झाली की पुढचं बोलू, असं हे म्हणत,
आणि आम्ही थांबायचो,
हे खुर्चीत, मी ओट्याशी,
तोंडात अर्धं वाक्य धरून.
पुष्कळदा घंटा होईतो
राग कशाचा होता तेच सापडत नसे.

एका डिसेंबरात मी नियम मोडला.
नदीवरचा गारठा थेट आत येत होता,
फुगलेली खिडकी लागत नव्हती.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये हे दिवसभर
कोऱ्या नोटांच्या थप्प्या तपासत,
आणि मला न विचारता भावाला दिलेले चाळीस हजार
मला पासबुकात सापडले.
काय काय बोलले आठवत नाही.
शेवटचं वाक्य चांगलं झालं होतं, एवढं आठवतं.
ते संपलं, आणि खाली अंधारात
कुणीतरी टाळी वाजवली.
एकच. मग दोन-चार.
ह्यांनी उठून खिडकी ओढली; लागली.
मग हे हसले, डोळ्यांत पाणी येईतो.
मी नाही हसले.

गेल्या भाद्रपदापासून ह्यांची जीभ वळत नाही.
तिसऱ्या घंटेला डावा हात तेवढा वर होतो :
कुकर.

परवा निवृत्ती एक पास देऊन गेला.
ह्यांच्याजवळ शेजारची ऋग्वेदा बसली.
तिला डाळ-तांदूळ दाखवले, पातळ साडी नेसले,
आणि बावीस वर्षांनी
पुढच्या दाराने आत गेले.

पडदा उघडला. ती खिडकी, आतून उजेड.
खोकं दिसत नव्हतं.
दहाएक मिनिटं झाली असतील,
बाई पत्र वाचत होती, सगळं चिडीचूप,
आणि रंगमंचामागून, कुठूनतरी वरून,
कुकरची शिट्टी झाली.
नट थांबला. कान दिला.
"घ्या, शिजलं शेजाऱ्यांचं," म्हणाला,
आणि नाट्यगृह हसलं.
लांब हशा, दोनदा उठणारा. ओळखीचा.
त्याला ते वाक्य नवीन नव्हतं,
जीभ न अडखळता आलं.
किती जणांनी किती तऱ्हांनी म्हटलं असेल ते,
आणि मी वर, कणकेच्या हातांनी,
त्यांच्याबरोबर.

शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले,
"दर वेळी होतं हो हे. कोण राहतं कुणास ठाऊक!"

दुसरी शिट्टी झाली.
ऋग्वेदाला तीन सांगितल्या होत्या.
मी पदर तोंडाला लावला,
आणि वर खुर्चीत
हेही हसले असतील, अर्ध्या तोंडाने.