तिसरा रकाना

धोपाव्याच्या जेटीवर शेवटची फेरी लागेपर्यंत
माझ्या मांडीवर वही असायची, शंभर पानी,
स्केलने आखलेले तीन रकाने:
शब्द, उच्चार, अर्थ.
शब्द मी परीक्षेच्या पुस्तकातून उतरवायचो,
अर्थ चिपळूणच्या स्टँडवर घेतलेल्या डिक्शनरीतून,
जिची पानं खाऱ्या हवेने फुगून
एमपासून पीपर्यंत एकमेकांना चिकटलेली.
उच्चारासाठी गफूरचाचा.

चाचा अठ्ठावीस वर्षं बोटीवर होते.
लिहायला सही तेवढी यायची, तीही उर्दूत.
बाकी इंग्रजी सगळं कानाने आलेलं,
वाऱ्यात, इंजिनाच्या घरघरीत,
कोणीतरी ओरडलेलं आणि त्या क्षणी करायचं असलेलं.

मी म्हणायचो, अँचर.
ते न बघताच म्हणायचे, अँकर.
डिक्शनरी म्हणायची, नांगर.
आमच्याकडे नांगर दोन:
मामाच्या वरकशीत दगडाला अडणारा
आणि बाबांच्या होडीचा, गाळात रुतणारा.
मी दोन्ही लिहिले.

मी म्हणायचो, क्नॉट.
चाचा खिशातली सुतळी काढायचे,
माझ्या मनगटाभोवती अशी टाकायचे
की ओढली तर घट्ट, एका बोटाने मोकळी.
'यातला के कुठं गेला, चाचा?'
'आत हाय. तो दिसला म्हंजे गाठ सुटली.'
नॉट म्हणजे गाठ. नॉट म्हणजे नाही.
नॉट म्हणजे बोटीचा वेग.
वादळात तिन्ही एकदम लागतात, म्हणाले.

एकदा मात्र भांडण झालं.
बेंडल बाईंच्या गाईडात बॉय,
चाचांच्या तोंडात बुई,
आणि खाडीच्या मुखाशी, आम्ही दोघं जन्मायच्या आधीपासून
डुलत असलेला तो नुसता बोया.
'मग बरोबर कुठला?'
'ग्रीक कप्तान एक बोलायचा, फिलिपिनो चीफ दुसरं.
पगार देईल त्याचा बरोबर.'

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी
एकशे बाराव्या पानावर एक शब्द आला.
बी ओ ए टी, एस डब्ल्यू ए आय एन.
मी वाचला, बोटस्वेन.
'असला शब्द नसतो.'
मी पुन्हा वाचला, बोट्‌सवाईन.
'दारूचा हाय काय?'
तेवढ्यात फेरी लागली. दोन रिक्षा उतरल्या,
मग आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, मागे मागे बघत,
एक नवरदेव, बूट हातात घेऊन.
रॅम्प वर गेल्यावर मी डिक्शनरी उघडली.
बीची पानं सुटी होती.
उच्चार: बोसन.

चाचांचा हात सुतळीवर थांबला.
'तो तर मी.'

जेद्दापासून रॉटरडॅमपर्यंत, शेवटची अकरा वर्षं
त्यांना हीच हाक होती.
बोसन, दोर. बोसन, शिडी.
बोसन, कोण पडलं बघ.
कागदांवर ते नाव असणारच,
पण कागद नेहमी दुसऱ्याच्या हातात.

त्यांनी बोट ठेवून अक्षरं मोजली. नऊ.
'एवढी? आन् बोलताना निम्मी पण नाय?'
पुन्हा मोजली, पहाटेची हजेरी घेतल्यासारखी,
डब्ल्यूपाशी जरा जास्त थांबले.
'आन् माईना काय दिलाय?'

मी वाचला.
सारंग.

गफूर इब्राहिम सारंग,
असं त्यांच्या रेशनकार्डावर आहे.

खाडीला ओहोटी लागली होती.
जेटीच्या खांबांवरचे कालवांचे थर
एक एक करून उघडे पडत होते.
मी पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.
चाचा लुंगी झटकून उठले,
'लिव,' म्हणाले,
'स्पेलिंग चुकवू नको.'

परीक्षेत तो शब्द आला नाही.
गाठीचा आला.
के मी घातला.