रिकामी असल्याचा दाखला

बंदूक धोकादायक नसते.
हे मी नाही म्हणत, पुस्तक म्हणतं,
दर जानेवारीत नवं येणारं, उशीएवढं जाड,
मस्कत विमानतळाच्या मालधक्क्यावर, माझ्या टेबलाशी.
बंदूक म्हणजे लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड.
धोका काडतुसात.
म्हणून दोन पेट्या, दोन चिठ्ठ्या, दोन भाडी.
काडतुसांच्या पेटीला टोकावर उभा नारिंगी चौकोन,
वर्ग एक पॉइंट चार, एस:
म्हणजे पेटलीच, तर जे काय व्हायचं ते पेटीतल्या पेटीत
असं गृहीत धरलेलं.

खमीस अल-रियामी आठला आला.
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद,
डब्यातल्या खजुरांसारखे एकमेकांना चिकटलेले.
भावाची बारा बोअर. भाऊ गेला रमजानच्या आधी.
पुतण्या झांजिबारला. त्याला हवी आहे.
"किती लागतील?"
मी आधी आकडा सांगत नाही.
आधी कागद सांगते. कागद ऐकूनच निम्मे उठतात.

पोलिसांचा निर्यात परवाना, मूळ प्रत.
तिकडचा आयात परवाना,
त्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळलेला;
एकाचा सात झाला तर माल परत येतो,
भाडं येत नाही.
विमान कंपनीचं होकारपत्र.
विमान वाटेत कुठे टेकणार असेल तर त्या देशाचंही,
ज्या देशात आपण चहासुद्धा घेणार नाही.
कुलपाची पेटी, किल्ली पेटीसोबत नाही.

तो उठला नाही.
म्हणून आकडा सांगितला:
वजन पावणेचार किलो,
भाडं पंचेचाळीस किलोंचं, त्याखाली दरच नाही.
हाताळणी, तपासणी, विमा, तिकडच्या दलालाची हमाली.
तीनशे अठरा रियाल, सहाशे बैसा.
बाजारात बंदूक नव्वदला गेली नसती.
"आणि काडतुसं? पंचवीस आहेत."
त्यांचे निराळे दोनशे चाळीस.
तो हसला. "म्हणजे बंदुकीपेक्षा तिची भूक महाग."
काडतुसं त्याने पोलिसांत जमा केली, नष्ट करण्यासाठी.
सगळ्या फाइलीत तेवढी एक पावती फुकट.

मग रकाना आला, मृताशी नातं.
त्याने तीन अक्षरं लिहिली आणि पेन तिथेच टेकवून बसला.

आबांची ठासणीची दोडामार्गच्या ठाण्यात आहे.
शेतीसंरक्षणाचा परवाना,
केळीत घुसणाऱ्या डुकरांसाठी.
दर निवडणुकीला जमा करायची, निकालानंतर आणायची.
शेवटच्या निकालानंतर आणायला आबा नव्हते.
तीन अर्ज केले मी इथून.
हवालदार फोनवर म्हणाला, मुलगा नाही का कोणी?
म्हटलं, नाही. मी आहे.
मग म्हणाला, स्वतः यावं लागेल.
मी त्याला सांगितलं, तुमच्या पत्रात नियमाचं कलम चुकलंय,
पान दोनवर.
त्याला ते आवडलं नाही.
दोन वर्षांतून तीस दिवस रजा मिळते मला,
त्यातले नऊ गेल्या खेपेला त्याच बाकावर गेले.

साडेदहाला तपासनीस आला.
बंदूक मोडली, कमरेत वाकवली,
नळ्या उजेडाकडे धरल्या.
नियमाने मलाही बघावं लागतं.
एक डोळा मिटून बघितलं:
लांब दोन नाणी उजेडाची,
एकात सामानाची गाडी सरकत होती, रिकामीच.
लिहिलं, 'रिकामी आहे'.
सही, वैजयंती धुरी.

खमीसने विचारलं, मी बघू?
नियमात नाही तसं. नाही असंही नाही.
तो बराच वेळ बघत राहिला,
आधी डावीतून, मग उजवीतून.
मी घाई केली नाही. माल साडेअकरापर्यंत घेतात.

शिक्क्याची शाई वाळत असताना म्हणाला,
तुमच्या घरी होती का कधी?
आहे, म्हटलं. पोलीस ठाण्यात.
भाडं किती लागतं?
भाडं नाही लागत.
गंज लागतो.