विरुद्ध : एक

इंद्रभुवनाच्या मागल्या खोलीत
जुनी दप्तरं स्कॅन करायला बसवलंय मला, रोजंदारीवर.
पान उलटायचं, बटण दाबायचं, पान उलटायचं.
वाचायचे पैसे नाहीत.

पण मोडी शिकले होते एका उन्हाळ्यात,
डोळे ऐकत नाहीत.
सन अठराशे सत्याहत्तर. दुष्काळ.
समास वाळवीने खाल्लेला.
सभासद शिवलिंगप्पा मलकप्पा कोनापुरे,
राहणार मंगळवार पेठ, धंदा निळीचा.
कलेक्टरसाहेबांनी नेमलेले,
म्हणजे कुणी मत दिलेलं नाही,
कुणी जाब विचारणार नाही.

आधीच्या दप्तरांतून थोडं जुळवलं :
तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली
तेव्हा ह्यांनी कापसात पैसा गाठीला बांधला.
लढाई थांबली, तार आली,
आणि वखारीत नुसत्या गाठीच उरल्या.
मग नीळ. उधारीवर,
साळ्यांना, पद्मसाळ्यांना.

सभेत चार वर्षं एक शब्द नाही.
कंदिलांचं तेल, कचऱ्याच्या गाडीला बैल,
तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं धुवावं की नाही.
हजर. हजर. हजर.
एकदा : गैरहजर, लेकीचें बाळंतपण.

आणि मग हा ठराव, श्रावणातला, कोरड्या श्रावणातला :
शहरांतील दर मागास आठ आणे पट्टी,
माग चालू असो वा बंद.

*सभासद कोनापुरे यांनीं विचारिलें,
पट्टी धोट्यावर, कीं धोटा हातांत धरून
रिकामा बसलेल्या माणसावर?
उत्तर झालें नाहीं.
बाजूनें अकरा. विरुद्ध एक.*

पट्टी लागू झाली.
पुढच्या सालच्या यादीत कोनापुरे नाहीत.

देवमाणूस होता असं म्हणवत नाही मला.
पान एकशे बारा :
रंगाचं पाणी ओढ्यात सोडलं म्हणून दंड दोन रुपये,
तोही तीन हप्त्यांत भरलेला.
आणि माग बुडाले असते तर
ह्यांची उधारीही बुडाली असती, हे उघड आहे.
हिशेब असेल.
बाकी अकराजणांनाही हिशेब येत होताच की.

आमच्या घरी चार माग, टॉवेलचे.
दोन वर्षांपासून दोन बंद.
वीजबिलात स्थिर आकार चारींचा येतो.
नाना बिल देव्हाऱ्यामागे खोचतात,
वरून अंगाऱ्याची पुडी ठेवतात.

सहीशेजारी एक अंगठा उमटलाय.
अंगठाबहाद्दर नव्हता हा, सही वळणदार आहे.
शाई वाळायच्या आत पान दाबून धरलं असेल
नखापर्यंत निळ्या झालेल्या हाताने.
स्कॅनरला डाग पुसायचं बटण आहे.
साहेब म्हणतात, दाबत जा, फाईल हलकी होते.

दाबलं नाही.
फाईल जड झाली, थोडीशी,
कुणाला कळणारही नाही इतकी.

पुढचं पान :
मेलेलीं कुत्रीं उचलण्याचा मक्ता.
सर्वानुमते मंजूर.