रकाना सतरा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फाइल आली,
वर प्राचार्यांची पिवळी चिठ्ठी:
'धनावडेबाई, क्रमवारीचा फॉर्म. शुक्रवारपर्यंत.'

धनावडेबाई म्हणजे मी. कलिन्याचं कॉलेज,
खिडकी क्रमांक चार, सव्वीस वर्षं.
माझ्या हाताखालून गेलेले दाखले एकावर एक रचले
तर चुनाभट्टीतल्या आमच्या चाळीचा
दुसरा मजला गाठतील.

चौदावा रकाना: प्रवेशसंख्या, मागील तीन वर्षे.
हे सोपं. एकवीसशे, सव्वीसशे, एकतीसशे.
आधी साठ जागा वाढवून मिळाल्या, मग आणखी साठ,
मग मी मोजणं फॉर्मवर सोडलं.
बाकं मंजूर व्हायची राहिली.
'जे' तुकडी जुन्या रसायनशाळेत बसते,
मुलं बेसिनच्या काठावर वह्या ठेवून अर्थशास्त्र लिहितात
आणि एक नळ ठिबकत असतो
मागणीच्या लवचिकतेवर.

पंधरावा: पूर्णवेळ शिक्षक.
'तासिकेवरचे धरायचे का?'
'फॉर्मपुरते धरा,' उपप्राचार्य म्हणाले.
म्हणून कुलथेसर,
जे तीन कॉलेजांत थोडे थोडे असतात
आणि मे महिन्यात कुठेच नसतात,
आमच्या फॉर्मात अख्खे झाले.

सोळाव्यासाठी बैठक बसली. कटऑफ.
'दर्जा' हा शब्द त्या दुपारी अकरा वेळा आला,
मला मोजायची खोड आहे.
पाटकरसर म्हणाले, दार इतकं सताड ठेवलं
तर आपण वर कसे जाणार?
रेबेलोबाई म्हणाल्या, दार वेगळं, जिना वेगळा, सर.
जिना कुणी बांधायचा ते ठरवू या का?
तेवढ्यात चहा आला.

मी बोलले नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.
एकोणनव्वद साली मीही एका यादीत होते,
मुख्य यादीच्या खाली, गुलाबी कागदावर.
वर्गात टक्के कुणी विचारले नाहीत.
'गुलाबीतली ना तू?' एवढंच.
शेवटच्या वर्षी अकाउंटन्सीत मला बहात्तर पडले.
तेही कुणी विचारले नाहीत.

आता सतरावा. विविधता. आकडा लिहा.

सुवर्णा धिंडा, आरेतल्या पाड्यावरची.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात कागद.
पन्नास सालाआधीचा पुरावा हवा होता.
आजोबांनी लावलेली चिंच आहे, तिची आई म्हणाली,
केवढी झालीय, बघायला या.
चिंचेची झेरॉक्स निघत नाही.
मी हमीपत्रावर सही घेतली
आणि साडेपाचला बंद व्हायची खिडकी
त्या दिवशी जरा अडकली.

त्याच रांगेत निनाद पाध्येचे वडील.
औषधाच्या दुकानात काउंटरला उभे असतात,
एक्याण्णव पूर्णांक अडतीस, यादी थांबली एक्याण्णव पूर्णांक चाळीसवर.
'बाई, हे दोन शतांश कुणाच्या खिशात गेले?'
आवाज चढलेला, बोटं मात्र काचेवर थरथरत होती.
उत्तर माझ्याकडे असतं
तर मी त्यांना पावती दिली असती.
तिसऱ्या फेरीत, त्या वाढीव साठांत, निनादला जागा मिळाली.

दोघंही 'जे' तुकडीत आहेत.
मी परवा उपस्थितीचे तक्ते न्यायला गेले तेव्हा पाहिलं,
एकाच बेसिनशी बसलेत,
ती डावखुरी, तो उजवा,
कोपर कोपराला लागतंय आणि दोघंही चिडलेत.
नळाखाली कुणीतरी दुमडलेला रुमाल ठेवलाय,
आवाज होऊ नये म्हणून.

सतराव्यात मी आकडा लिहिला. बरोबर लिहिला, दोनदा तपासून.
सुवर्णा त्यात एक आहे. निनाद त्यात नाही.
बेसिन कशातच नाही.

निकाल डिसेंबरात लागला: दीडशे ते दोनशेच्या गटात, गेल्या वर्षीसारखेच.
फाटकावर तरी फलक लागला, फुगे लागले,
कुलथेसर फोटोत मागे उभे राहिले.

नळदुरुस्तीचा अर्ज मी जुलैतच
त्या फाइलीला टाचला होता.
फाइल परत आली, अर्ज तसाच,
टाचणीला मात्र गंज चढलाय.