शेपूट

हर्णै. नववी ब. जूनचा तिसरा आठवडा.
निबंधाच्या एकोणचाळीस वह्या,
काहींना सुकटीचा वास.
नफिसा सोलकरने लिहिलंय:
माय फादर वर्क्स हार्डली.
मी लाल रेघ मारली. ली काढ.

ती वही घेऊन टेबलाशी आली.
"बाई, तुम्हीच सांगितलं ना,
क्रिया कशी झाली ते सांगायचं तर ली लावा?
स्लो, स्लोली. क्विक, क्विकली.
मग अब्बांच्या कष्टालाच का नाही?"

सांगितलं होतं खरं,
फळ्यावर, चौकट आखून.
म्हटलं, काही शब्द बिनशेपटीचेच असतात.
हार्ड क्रियापदाच्या मागे उभा राहून राबतो.
शेपूट लागलं की तोच
पुढे येऊन बसतो ऐटीत
आणि अर्थ होतो जेमतेम,
नावापुरतं,
केलं न केल्यासारखं.

ती जरा गप्प राहिली.
"म्हणजे पाकट.
त्याचा काटा शेपटीत असतो, बाई.
जाळ्यात आला की आधी शेपूट तोडतात,
मगच हात लावतात."

मी घाटावरची.
पाकट मला ताटातला तेवढा ठाऊक,
शेपूट कुणीतरी आधीच तोडलेला.

दारातून वळून हसली.
"पण आता मासेमारीला बंदी आहे ना!
आता हार्डली चालेल की."
मलाही हसू आलं. समासात पेन्सिलीने लिहिलं:
जून-जुलैपुरतं बरोबर.

संध्याकाळी बंदराकडे गेले, उगाच.
होड्या वर ओढलेल्या,
लिलावाची जागा कुत्र्यांनी घेतलेली.
निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला एक माणूस
जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून
सुई घालत होता, ओढत होता, गाठ मारत होता.
कधीपासून बसलाय, विचारलं.
"उजाडल्यापासून,"
मान वर न करता.
बाजूला गुंडाळी धरून बसलेली मुलगी
मला बघून चटकन उठली. नफिसा.

कधी? उजाडल्यापासून.
कसं? मान वर न करता.
घरी येईपर्यंत मी वाक्य सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी वही परत मागितली.
पेन्सिलीचं खोडलं.
खोडरबर जुनं, दमट हवेने चिकट झालेलं.
कागदावर काळपट डाग पडला
आणि जून-जुलै
दिसतंय अजून.