पहिला घास

मी दुर्बिणी धुतो.
अठ्ठावीस वर्षं झाली, गोंबदच्या इस्पितळात,
जिन्याखालच्या खोलीत.
माणसाच्या अन्ननलिकेतून काळी नळी बाहेर आली
की ती सरळ माझ्या टबात.
डॉक्टर आयलार वर पडद्यावर काय बघतात
ते मला खाली पाण्याच्या रंगावरून कळायचं.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

तेहरानहून शिकून आल्या तेव्हा सगळे म्हणाले,
दोन हिवाळे, फार तर तीन.
इथे कोण राहतं?
इथे पेशंट येतो तेव्हा
आधी भाकरी सुटलेली असते, मग भात,
मग रस्साही,
मग स्वतःचा आवंढा.
आणि तरी मेंढीच्या कातड्याची टोपी मांडीवर धरून
म्हातारा म्हणतो,
"तसं काही नाही. घास जरा रेंगाळतो."

रेंगाळतो.
हा शब्द त्यांनी केसपेपरवर तसाच लिहिला,
तुर्कमेनमध्ये,
आणि खाली फारसीत आजाराचं नाव.

कापून काढता येईल असे शंभरात किती यायचे, विचारू नका.
मी विचारलं होतं एकदा. त्या हात धूत राहिल्या.
बाकीच्यांना जाळीची नळी,
बोटभर, मिटलेली,
आत गेल्यावर हळूहळू उमलणारी.
(उमलणारी हा शब्द माझा. त्या नुसतं "उघडते" म्हणायच्या.)
जीव नाही वाचवत ती. वाट मोकळी करते,
घोटापुरती.

सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायच्या.
गालिच्यावर बसलं की समोर चहाचा कासा,
किटलीतून थेट, ओठ पोळेल असा.
असाच प्यायचा असतो. आमचे आजे असाच प्यायले.
त्या कासा खाली ठेवायच्या, आणि गप्प.
घरची बाई कानकोंडी व्हायची.
चहात काही पडलं का?
"नाही हो. निवू दे जरा."
वाफ संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.
मग पोरं जीपमागे ओरडत पळायची,
गार चहावाली! गार चहावाली!
त्यातल्या निम्म्या पोरांच्या आया
त्या दिवसापासून थांबायला शिकल्या असतील.
निम्म्याही नसतील.

परवा त्या निवृत्त झाल्या.
फुलं, भाषण, एक लहानसा गालिचा.
कपाट रिकामं करताना एक वही माझ्या हातात दिली,
रद्दीत टाक म्हणाल्या.
मला वाटलं, गेलेल्यांची यादी असेल.
नव्हती.
नाव, तारीख, आणि
नळी बसल्यावर पहिलं काय खाल्लं.

ओगुलताच: खरबूज, सालीपर्यंत कोरून.
कुर्बानदुर्दी: उंटिणीचं आंबट दूध. हसला.
सोनाबीबी: नातवाच्या ताटातलं, त्याला न विचारता.
गालिचे विणणारी एक, नाव सांगितलं नाही:
पाणी. परत पाणी.

अडतिसाव्या पानावर माझा बाप.
अन्नागेल्दी. आजर महिना, तारीख बारा.
चहा. कढत.
त्याखाली बारीक अक्षरात,
फुंकर घालू का विचारलं. नको म्हणाला.
दिला.

मला हे ठाऊक नव्हतं.
मी तेव्हा खाली होतो,
त्याच्याच घशातून आलेली नळी धूत.

वही रद्दीत गेली नाही. तसं त्यांना सांगितलंही नाही.
आज संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.
त्यांनी दोन कासे भरले,
गालिच्यावर ठेवले,
आणि आम्ही दोघं वाफेकडे बघत बसलो.

मी त्यांच्या आधी उचलला.
त्यांनी पाहिलं.
बोलल्या नाहीत.